अंगठा

"काकू, चार दिवस कामाला जाऊ नका. हाताला रोज खोबरेल लावा आणि मग या. ठसा उमटेल."

गावातल्या बँकमित्राच्या, म्हणजे बँकेच्या वतीनं पैसे देणाऱ्याच्या, दुकानातला तो पोरगा हे अगदी मायेनं बोलला. त्याच्या मनात काही वावगं नव्हतं. पण त्या वाक्यानं मला जे धरलं, ते अजून सोडलेलं नाही. २०२४ चा मे महिना संपत आला होता, मी सुट्टीला गावी गेले होते, आणि नानीला, म्हणजे माझ्या धाकट्या चुलतीला, पैसे काढायला सोबत हवी होती. पाडवा झाल्यावर गावओढ्यात रोजगार हमीच्या कामावर तिचे दोन आठवडे भरले होते. त्या दोन मस्टरांचे, म्हणजे हजेरीपटांचे, पैसे खात्यावर पडल्याचं ग्रामरोजगार सेवकानं आदल्या दिवशी सांगितलं होतं. नानीनं सकाळीच भाकऱ्या उरकल्या, धुतलेलं लुगडं नेसली, पासबुक पिशवीत घातलं. दुकानात दोन बाकडी, एक पंखा आणि टेबलावर ते काळं, काड्यापेटीपेक्षा जरा मोठं यंत्र. नानीनं अंगठा ठेवला. तांबडा दिवा लागला, विझला. पुन्हा ठेवला. पदराला पुसून ठेवला. केसांवरून फिरवून, जरा तेल लागू देऊन ठेवला. मग डावा अंगठा, मग पहिली दोन बोटं. दर वेळी पोरगा म्हणायचा, "जरा दाबून धरा." मागं रांग वाढत चालली होती, आणि नानी इतक्या जोरानं दाबत होती की नखाच्या कडा पांढऱ्या पडत होत्या.

मला सुट्टे पैसे हवे होते. नानी बाजूला झाल्यावर मी अंगठा टेकवला आणि दोन हजार रुपये माझ्या हातात आले. श्वास घ्यायलाही वेळ लागला नसेल.

परत येताना नानी बराच वेळ गप्प होती. मारुतीच्या देवळापाशी आल्यावर स्वतःचाच पंजा समोर धरून म्हणाली, "आता काय बोटं गोंदवून घ्यावी लागत्यात का काय?" मी तिचा हात हातात घेतला. अंगठ्याच्या पेरावर रेषा नव्हत्याच. टिकावाच्या दांड्यानं, विळ्यानं, घमेल्याच्या काठानं घासून ती जागा गुळगुळीत झाली होती, आणि मधून एक जुनी भेग गेली होती, तिच्यात माती बसलेली. जे काम केलं त्याचीच मजुरी मिळायची, आणि त्याच कामानं ती मजुरी मागणारा ठसा पुसून टाकलेला. तो पोरगा सांगत होता की चार दिवस हात थांबवा. आमच्या माण तालुक्यात मे महिन्यात हात थांबवणं कुणाला परवडतं, हे त्यालाही ठाऊक होतं. तो काय दुसऱ्या गावचा होता?

त्या रात्री अंगणात बाजेवर पडल्यावर मला आजीचा अंगठा आठवला. तोही असाच होता. फक्त तिच्या काळी अंगठ्याला शाई लागायची.

बहात्तरचा दुष्काळ आमच्या घरात गोष्टीसारखा सांगितला जायचा. आजोबा मुंबईला, मशीद बंदरात माथाडी. घराघरातला बाप्या मुंबईला आणि बायामाणसं गावी, ही आमच्याकडची जुनी रीत. महिन्याला मनिऑर्डर यायची, त्यावर घर चालायचं. पण बहात्तर साली विहिरीनं तळ दाखवला, जनावरं पाव्हण्यांकडे धाडली, आणि मनिऑर्डरीत धान्य भागेना. तेव्हा गावाबाहेर खडी केंद्र सुरू झालं. आजी सांगायची, पहिल्या दिवशी पदर तोंडावर ओढून गेले. वाटेत पाटलाच्या वाड्यातल्या सुनाही तशाच पदर ओढून चाललेल्या दिसल्या, तेव्हा जरा बरं वाटलं. पायांना गोणपाट गुंडाळायचं, दगड चुंबळीत धरायचा आणि हातोडीनं फोडत राहायचं. डोळ्यात कच जायची. बाभळीला झोळी बांधून धाकटा काका झोपवलेला असायचा. माझे वडील तेव्हा आठ वर्षांचे. दुपारी खायला सुकडी मिळायची, ती आणायचं काम त्यांच्याकडे. त्या सुकडीची गोड, करपट चव त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की मीच ती खाल्ली असं वाटतं. रेशनवर आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीचं मात्र ते नाव काढत नाहीत. सगळ्या जातींच्या बाया एका ओळीत बसून दगड फोडत होत्या, हे आजी अभिमानानं सांगायची. "पाणी पण एकाच घागरीचं का गं?" असं मी एकदा विचारलं. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "घागर एकच. पर काहींना वरनं वतायचो." ती खोटं बोलली नाही, म्हणून तिच्या बाकीच्या आठवणींवरही माझा विश्वास आहे.

१९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हा आकडा मी पुढं कॉलेजात वाचला. वाचताना डोळ्यांसमोर मात्र एकच बाई आली, गोणपाट गुंडाळलेली.

मला कोड्यात टाकायचं ते हे, की त्या वर्षाबद्दल बोलताना आजीचा चेहरा पडायचा नाही. विहीर आटली, दोन बैल गेले, सगळं खरं. तरी ती म्हणायची, "त्या साली देवानं पाणी दिलं न्हाय, पर हातात पैसा दिला." दर आठवड्याला मुकादम मस्टर घेऊन बसायचा. नावाचा पुकारा व्हायचा. तिच्या नावाचा. लग्न झाल्यापासून तिला कुणी नावानं हाक मारली नव्हती. घरात ती अमक्याची आई, तमक्याची सून, थोरल्याची बायको. आणि इथं चारचौघांत, उन्हात, एक परका माणूस तिचं आणि बापाकडून न आलेलं नवं आडनाव मोठ्यानं वाचायचा, ती उठून जायची, जांभळ्या शाईत अंगठा बुडवायची, कागदावर टेकवायची आणि मोजून पैसे घ्यायची. दिवसाला दोन-तीन रुपये पडायचे. मनिऑर्डरही तीच घ्यायची, पण ते पैसे आजोबांचे होते आणि कशाला खर्चायचे ते पत्रात लिहिलेलं असायचं. हे पैसे कशाला खर्चायचे, ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

त्या पैशातून वाचवून वाचवून तिनं म्हसवडच्या बाजारातून एक तांब्याची घागर घेतली. दुकानातच भांड्यावर नाव घालून मिळायचं, बारीक छिन्नीनं ठोकून, ठिपक्याठिपक्यांचं. तिनं आपलं नाव घालून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून दुकानदाराला दोनदा वाचायला लावलं. दिवाळीला आजोबा आले, घागरीवरची अक्षरं वाचली आणि विचारलं, "माझं नाव का न्हाय?"

आजी म्हणाली, "मस्टरावर कुणाचं हुतं?"

ही गोष्ट सांगताना ती दर वेळी इथं थांबायची. पुढं आजोबा काय म्हणाले ते तिनं कधीच सांगितलं नाही. म्हातारपणी डोळे गेले तेव्हा ती घागर जवळ घेऊन बसायची आणि अंगठ्यानं ते ठिपके चाचपायची. चिंचेनं घासून घासून अर्धी अक्षरं सपाट झाली होती. तरी ती बरोबर सांगायची, इथं माझं नाव सुरू होतं, इथं संपतं.

आमच्या भागाला दुष्काळी काम नवं नाही. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलावच मुळी ब्रिटिशांच्या काळात, १८७६-७७ च्या दुष्काळात पोटासाठी आलेल्या माणसांच्या हातांनी सुरू झाला. पण दुष्काळात सरकारनं दया म्हणून काम काढणं वेगळं आणि 'काम द्या, तो माझा हक्क आहे' असं म्हणता येणं वेगळं. हा फरक कायद्यात आला तो आपल्याकडे, आणि आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या, तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या माणसामुळं आला. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी ही कल्पना आधी आपल्याच भागात करून पाहिली आणि मग राज्याच्या गळी उतरवली. रोजगार हमीचा कायदा १९७७ ला झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. केंद्राचा कायदा त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २००५ साली आला. त्यानं घरटी शंभर दिवसांची हमी दिली, आणि त्यापुढच्या दिवसांचा भार आपल्या राज्यानं उचलायचा होता. काम पाच किलोमीटरच्या आत, नाहीतर दहा टक्के जादा मजुरी. सावली, पिण्याचं पाणी, लहान मुलं सांभाळायला बाई. बाईला आणि बाप्याला एकच दर. कामाच्या जागी सावलीला मात्र मला कधी कापड दिसलं नाही. एकच दर मात्र दिसला, आणि त्यानं काय केलं तेही दिसलं.

या सगळ्यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मी पुण्यात नोकरीला लागले तेव्हा पगाराच्या चिठ्ठीत दर महिन्याला दोनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कापलेले दिसायचे, फेब्रुवारीत तीनशे. पहिल्या वर्षी मी कुरकुर केली होती. हा कर १९७५ साली बसवला गेला तो रोजगार हमीला पैसा हवा म्हणून. शहरातल्या पगारदारांनी खेड्यातल्या कामकऱ्यांसाठी थोडं थोडं द्यायचं, असं तेव्हा ठरलं होतं. माझे वडील खडी केंद्रावर सुकडी आणायला जायचे. त्या पैशावर त्यांची शाळा सुटली नाही, ते शिकले, मास्तर झाले, म्हणून मी शिकले. त्यामुळं ही दोनशे रुपयांची ओळ मला आता वेगळी दिसते. तो पैसा आज नेमका कुठं जातो हे मला सांगता येणार नाही. पण ती ओळ दिसली की मी कुरकुरत नाही.

नानी या घरात आली ती वाटणीनंतर. काका पुढं मुंबईला गेला, आला, परत गेला. तिला बाजाराला पैसे मागावे लागायचे. मागितलेल्या पैशाचा हिशेब द्यावा लागायचा, अगदी मिठाच्या पुड्यापर्यंत. मी लहान असताना तिला सोप्यात उभी राहून आणे-रुपये सांगताना पाहिलंय, आणि तिचं ते खाली बघून बोलणं मला तेव्हाही आवडायचं नाही. २०१३ च्या दुष्काळात, म्हसवडला चारा छावणी लागली होती त्या साली, तिनं हमीच्या कामाचं जॉब कार्ड काढलं. डोंगराला समपातळी चर काढायचं काम होतं. खोलीची खूण म्हणून मधे मातीचा एक उंचवटा न खोदता तसाच ठेवायचा, त्यावरून मोजमाप व्हायचं. पहिल्या पगारातून तिनं काय आणलं असेल? प्रेशर कुकर. काका म्हणाला, चूल आहे की. ती काही बोलली नाही. संध्याकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि सगळ्यांनी जेवून घेतलं. त्यानंतर मी तिला सोप्यात हिशेब सांगताना पाहिलेलं नाही. भांडण झालं नाही, कुणी कुणाला बोललं नाही. ते बंद झालं एवढंच.

दुसऱ्या बाजूनंही मला बोललं पाहिजे, कारण ती बाजूही माझ्याच घरातली आहे. माझे मामा कराडकडचे, उसाचे. त्यांच्या ओसरीवर बसलं की पहिला विषय हाच, की बाया मिळत नाहीत, हमीच्या कामानं सगळ्यांना आळशी केलं, खुरपायला दुप्पट हजेरी मागतात. मामांवर माझा जीव आहे. त्यांचा कारखान्याचा हप्ता थकतो, खताचा भाव चढतो, त्यांचंही खरं आहे. पण हजेरी वाढवून मागायला बाई उभी राहू शकली, तिला 'नाही परवडत तर राहू द्या' म्हणता आलं, ते दुसरीकडे काम मागता येतं म्हणूनच. मामांना मी हे एकदा सांगितलं. ते म्हणाले, "तुला काय, तू पुण्यात." त्यावर मला उत्तर सुचलं नाही. आणि आमच्या गावातही सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असं नाही. एका वर्षी रात्रीतून जेसीबीनं बांध घातला आणि मस्टरवर मात्र अशांची नावं होती ज्यांनी टिकाव हातात धरला नव्हता. सगळ्या गावाला माहीत होतं. मलाही. मी सुट्टीवर आले होते आणि सुट्टी संपली म्हणून परत गेले, याची मला आज लाज वाटते. त्या चोरीची भरपाई शेवटी नानीसारख्यांकडूनच झाली. चोरी पकडायची म्हणून जे जे नियम आले, ते सगळे खऱ्या काम करणाऱ्यांच्या अंगावर आले.

१ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोन वेळा फोटो. सकाळी एक, दुपारी एक, मोबाईलवरून. आमच्या ओढ्यात रेंज येत नाही. मग मेट, म्हणजे कामावरचा मुकादम, मोबाईल वर धरून टेकाडावर चढतो आणि बाया उन्हात ओळीनं उभ्या राहतात, काम टाकून. फोटो गेला नाही तर हजेरी नाही, मग दिवसभर किती माती उचलली ते कुणी विचारत नाही. १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारला जोडलेल्या खात्यावरच. आमच्या गल्लीतल्या एकीचे पैसे तिच्या मुलाच्या शाळेसाठी कधीकाळी काढलेल्या खात्यावर जात होते. ते खातं बंद पडलं आहे असं समजून ती चार महिने रोज चौकशी करत होती. दर तेव्हा २९७ रुपये होता. नानीचे बारा दिवस म्हणजे ३,५६४ व्हायला हवे होते. मोजमापात कमी भरलं म्हणून ३,१२० आले. मजुरी पंधरा दिवसांत द्यायची असं कायदा सांगतो.

पाडव्यानंतरच्या कामाचा पैसा मेअखेर येतो तेव्हा तो तोच पैसा राहत नाही. मधल्या काळात नानीनं दुकानात उधारी केलेली असते, बचत गटाचा हप्ता शेजारणीकडून घेतलेला असतो, आणि एकदा काकाकडं मागितलेलेही असतात. पुन्हा सोप्यात उभं राहून. पैसा आल्यावर तो सरळ त्या भोकांत जातो. आजीला दर आठवड्याला मिळत होतं म्हणून त्यातून चार आणे बाजूला पडले, चार आण्यांचे रुपये झाले, रुपयांची घागर झाली. उशिरा आलेल्या पैशातून नुसती देणी फिटतात. हा हिशेब मी बाजेवर पडून मनात मांडत होते, आणि पलीकडं नानी अंधारात हाताला खोबरेल चोळत बसली होती. तेलाचा वास अंगणभर पसरला होता.

दुसऱ्या दिवशी ती कामाला लागलीच. रानात गेली नाही, पण घरची भांडी, शेण, धुणं, पाण्याचे हेलपाटे कोण करणार? मी म्हटलं मी करते. दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी मला पुण्याला निघायचं होतं. एसटीत बसवायला आली तेव्हा तिच्या हाताला साबणाचा वास होता. मी काही बोलले नाही. निघताना मी तिला दोन हजार देऊ केले. तिनं घेतले नाहीत. "माझं हायत की खात्यावर," म्हणाली.

आजीची घागर आता माझ्याकडं आहे, पुण्याच्या घरात, खिडकीत. येताच मी ती खाली काढली आणि अंगठा फिरवून बघितला. मला नावाची सुरुवात सापडली, शेवट सापडला नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री नानीचा फोन आला. मागं पावसाचा आवाज होता, पत्र्यावर पडणाऱ्या.

"निघालं गं पैसं."

"कुठल्या बोटानं?"

"डाव्या करंगळीनं. ती तेवढी टिकावाला लागत न्हाय. त्या पोरानंच सुचावलं." मग तिनं दुकानाची उधारी, बचत गट, शेजारीण असं सगळं एकेक करून मला सांगितलं. शेवटी म्हणाली की बाजरीचं बी आणायला सातशे उरले, आणि बी आणलंय. मी विचारलं, "काकांचे दिलेस का परत?"

"ते बी दिलं. मोजून." थोडी थांबली. "आता ठेवते बाय. उद्या पेरायला घात हाय."

आणि तिनं फोन ठेवला.